तेविसावा खंड

वेखंडाचा वास. त्याच्याखाली जुन्या कागदाचा — किंचित गुळचट, किंचित आंबूस, उन्हात वाळवून घडी घातलेल्या गोधडीसारखा. काचेचे दार सरकले की हे दोन्ही वास एकत्र अंगावर येत, आणि खाचेत अडकलेल्या वाळूच्या कणामुळे ते दार बारीक करकरत असे. अकोल्यातल्या त्या घरात मी हा वास दोनदा घेतला. दोन्हींच्या मध्ये अडतीस वर्षे गेली. पहिल्या वेळी मी चोर होते. दुसऱ्या वेळी — दुसऱ्या वेळी काय होते, ते सांगण्यासाठीच तर हे लिहायला बसले आहे.

हे मी आजवर तोंडाने कुणाला सांगितलेले नाही. घरात नाही, मैत्रिणींत नाही, कवितेत तर नाहीच. कविता फार लवकर क्षमा करते. एका बाईपुढे मात्र ते ठेवले. पण ते सांगणे नव्हते. जे तिचेच होते ते तिच्यापुढे नेऊन ठेवणे होते. तिच्याकडे मी शेवटी येईन. आधी मला चोरीपासून सुरुवात करू द्या, कारण ती सोपी आहे.

बावीस वर्षांची असताना मी अमरावतीला मराठी घेऊन एम. ए. करत होते. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण अकोल्याला खोडके सरांकडे कविता वाचायला गेलो. सर शाळेत शिकवत. पातूरकडच्या शेतकरी घरातला माणूस. पगार हाती आला की पहिले पुस्तक घेणारा. त्यांच्या बैठकीत एक काचेचे कपाट होते आणि त्यात परदेशी अभिजात कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांचा चाळीस खंडांचा संच होता — कागदी बांधणीचा, स्वस्त, पण किती देखणा! पाठीवर आकडे होते, आणि आकड्यांच्या खालून एक हिरवी वेल पहिल्या पुस्तकापासून चाळिसाव्यापर्यंत सलग धावत होती. पुस्तके क्रमाने लावली तरच वेल जुळायची. सर कुणालाही पुस्तक घरी नेऊ देत नसत. “इथे बसून वाचा, चहा कितीही प्या,” असे म्हणत.

मी तेविसावा खंड काढला. कुठल्याशा थंड समुद्रावरच्या दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीची गोष्ट होती. मी तेव्हा समुद्र पाहिला नव्हता. माझ्या भोवती काळी माती, तुऱ्हाट्यांचे कुंपण, कपाशीच्या बोंडांचा कोरडा वास — आणि त्या पानात खाऱ्या वाऱ्याने फुगलेले लाकडी दार होते, ते उघडायला मुलगी खांदा लावत होती. मला त्या दाराचे मीठ जिभेवर आले. मला ते पान सोडून अमरावतीला परत नेणाऱ्या बडनेऱ्याच्या गाडीत बसणे शक्य वाटले नाही. बाकीचे टाळ्या वाजवत होते, कुणाची तरी गझल संपली होती. मी पुस्तक खांद्यावरच्या शबनम पिशवीत सरकवले आणि शेजारचे दोन खंड बोटांनी जवळ ओढून फट बुजवली.

परत करणार होते. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटले आहे की त्याला आता काही चव उरलेली नाही. आठवडा गेला, परीक्षा आली, शिकवण्याची नोकरी लागली, लग्न झाले. पुस्तक माझ्यासोबत चार घरे फिरले. वाचनालयांत एखाद्या ठरावीक पानावर शिक्का मारायची पद्धत असते ना, पहिले पान कुणी फाडले तरी मालकी कळावी म्हणून — तशी सर प्रत्येक पुस्तकाच्या एकतिसाव्या पानाच्या तळाशी निळ्या शाईने सही करत. मी ते पुस्तक अनेकदा वाचले. प्रत्येक वेळी तिसाव्यावरून थेट बत्तिसाव्यावर गेले. एकतिसाव्या पानावर काय छापले आहे ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पण ही चोरी माझी कबुली नाही. तरुणपणी पुस्तक ढापल्याचे किस्से लोक भाषणांतून हसत सांगतात. मीही हसत सांगू शकले असते — नाही का?

सर गेले ते दोन वर्षांपूर्वी. काही महिन्यांनी अमरावतीच्या एका वाचनालयाच्या चिटणिसांचा मला फोन आला. मी निवृत्त झाले होते, आणि जुनी पुस्तके पाहून त्यांची अवस्था, आवृत्ती, दुर्मिळता ठरवून देण्याचे काम अधूनमधून करत असे. खोडके सरांच्या मुलाने संच देऊ केला होता. वाचनालयाचा नियम असा, की संच पूर्ण असेल तर देणाऱ्याच्या नावाची पाटी लावून स्वतंत्र कपाट; अपुरा असेल तर पुस्तके इतर पुस्तकांत मिसळायची. “तुम्ही एकदा जाऊन बघून याल का, मॅडम?” मी नाही म्हणू शकले असते. त्यांना दुसरे कुणी मिळाले असते.

मी हो म्हटले, कारण मला एक युक्ती सुचली होती. मूल्यमापन करणाऱ्याला लोक बहुधा पुस्तकांसोबत एकटे सोडतात. धुळीला आणि आकड्यांना माणसे लवकर कंटाळतात. तेवढ्या वेळात तेविसावा खंड त्याच्या जागी ठेवून द्यायचा, चाळीस मोजायचे आणि घरी यायचे. कुणाला काही कळणार नाही, सरांच्या नावाची पाटी लागेल, माझे ओझे उतरेल. किती नीटनेटके! पुस्तक मी खादीच्या पिशवीत ठेवले, वर भिंग, मऊ ब्रश, वही. अकोला येईपर्यंत ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरात दोघेच होते. सरांच्या पत्नी — सुशीलाबाई, पंचाहत्तरीच्या आसपास, बारीक चणीच्या, हाताला घट्ट काकणे — आणि मुलगा प्रमोद, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात काम करणारा, शनिवार-रविवारी आईकडे येणारा. अडतीस वर्षांपूर्वी त्या बाईंनी आम्हांला पोह्यांच्या बशा आणून दिल्या होत्या. त्यांनी मला ओळखले नाही. मी ओळख दिली नाही.

प्रमोदने दार सरकवले. वास आला. आणि मी पाहिले, की वेल जिथे तुटायला हवी होती तिथे फट नव्हतीच. बाविसाव्या आणि चोविसाव्याच्या मध्ये, अगदी पुस्तकाच्या मापाचा, खाकी कागदात गुंडाळलेला लाकडाचा एक तुकडा उभा होता. त्यावर निळ्या शाईत आकडा : २३.

“हे पाहा मॅडम,” प्रमोद हसत म्हणाला, “हे आमच्या आईचं कर्तृत्व. दिवाळीच्या सफाईत पेपरासोबत एक पुस्तक रद्दीवाल्याले देऊन टाकलं तिनं. बाबायनं मंग हा तुकडा करून घेतला सुताराकून. आजही घरात काही हरवलं ना, तं आमी म्हणतो, तेविसावं झालं!”

“बोल रे बाबू, बोल,” सुशीलाबाई म्हणाल्या. “सारी जिंदगी तुह्या बापानं बोललं, आता तुहा नंबर.” मग माझ्याकडे वळून, “तो तुकडाबी मलेच आणा लावला, मॅडम. सुताराकडे मीच गेली होती, पुस्तकाचं माप घेऊन.”

तुम्हांला ते चित्र दिसते का? छत्तीस-सदतीस वर्षांची एक बाई, हातात बाविसावा खंड, सुताराला सांगते आहे — एवढ्याच जाडीचा, एवढ्याच उंचीचा. मला ते तिथे उभ्या उभ्या दिसले. माझी पिशवी माझ्या खांद्यावर होती.

मी कामाला बसले. दोघांपैकी कुणीही उठून गेले नाही. प्रमोद एकेक खंड काढून देत होता, बाई पलंगाच्या कडेवर बसून माझ्या हातांकडे पाहत होत्या. मी पिशवी खाली, पायाशी ठेवली. मी माझे काम उत्तम केले — हे सांगताना मला स्वतःचीच शिसारी येते. सातव्या खंडाच्या कडेला कसरीने पाडलेली नक्षी, बाराव्याच्या पाठीचा वाळून तडकलेला डिंक, एकोणिसाव्याच्या मुखपृष्ठावर पाण्याचा जुना डाग. पहिल्याच आवृत्तीचे बत्तीस खंड, पुनर्मुद्रणाचे सात. कागद नखाने वाकवून पाहिला, पाने उजेडाला धरली. माझा आवाज स्थिर होता. प्रत्येक पुस्तकाचे एकतिसावे पान मी उघडले आणि प्रत्येकावर ती सही होती.

“पिशवी वर ठेवू का, मॅडम? खाली मुंग्या आहेत,” प्रमोदने हात पुढे केला.

“नको,” मी म्हटले. जरा मोठ्यानेच. बाईंनी मान वर केली.

एकोणचाळीस खंड संपले. वही मिटताना बाईंनी विचारले. मला वाटते, मी आल्यापासून त्या तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या.

“मॅडम, तुमी हजारो पुस्तकं पाह्यले असतीन. मी चवथी शिकलेली बाई, पन मले एक सांगा. त्या दिवाळीले गठ्ठा मी सोता बांधला होता. पेपरं होते सारे. त्यात पुस्तक असतं तं माह्या हाताले लागलं नसतं का? पेपर नरम राह्यते, पुस्तकाले पाठ राह्यते. हाताले समजते ना?” त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. “यायले, प्रमोदच्या बापाले, किती डाव सांगतलं. त्या दिवसापासून कपाटाची चाबी यायच्या खिशात. दवाखान्यात नेलं तवाबी खिशातच होती. माह्या हाती कधी देल्ली नाही.”

प्रमोद अजून हसतच होता. पण तोही थांबला होता, माझ्याकडे पाहत. कारण घरात पहिल्यांदाच असे कुणी आले होते ज्याच्या शब्दाला वजन होते. वडील सांगत, आई नाकारे. बाहेरचा, जाणता माणूस आजवर कुणी बोलला नव्हता.

आता इथे थांबते. थांबावेसे वाटते. इथून पुढची दहा-बारा सेकंदे मी असंख्य वेळा उलटून पाहिली आहेत. पुस्तक माझ्या उजव्या पावलाला टेकलेले होते. पिशवीच्या कापडातून त्याचा कोपरा घोट्याला टोचत होता. वाकायचे, काढायचे, त्या तळव्यांवर ठेवायचे. एवढेच. आणि तो प्रश्न! कागदाच्या मऊ घडीत पुस्तकाची पाठ लपत नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? मी आयुष्यभर हातांनीच तर पुस्तके ओळखली. निदान एवढे तरी म्हणता आले असते — हो बाई, हाताला कळते. पिशवी न उघडताही मला त्या बाईला सोडवता आले असते. खोटे न बोलताही लपता आले असते.

मला भीती वाटली. ती कशाची? त्या मुलाच्या चेहऱ्यावरचे हसू माझ्याकडे वळेल याची. ‘मॅडम’ हा शब्द त्याच्या तोंडात बदलेल याची. वाचनालयात, कविसंमेलनांत, माझ्या माजी विद्यार्थ्यांत हे पसरेल याची. त्या क्षणी मला माझे नाव त्या दोन तळव्यांहून मोठे वाटले. आणि आणखी एक गोष्ट होती, अधिक काळी : पुस्तक रद्दीत गेले असे एकदा पक्के ठरले, की ते पुन्हा कुणीच शोधणार नव्हते.

मी म्हटले, “कधी कधी नाही कळत, बाई. दिवाळीच्या आवराआवरीत घाई असते. कागदी बांधणीचं पुस्तक वर्तमानपत्राच्या घडीत सहज जातं. मी असे पुष्कळ संच पाहिले आहेत. बहुतेक वेळा असंच झालेलं असतं.”

मी असा एकही संच पाहिलेला नव्हता.

सुशीलाबाईंनी आपले तळवे वळवून स्वतःकडे घेतले आणि त्यांच्याकडे पाहिले — जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. प्रमोद म्हणाला, “झालं? आता तं मॅडमनंबी सांगतलं.” पण त्याच्या आवाजात थट्टा कमी होती. त्याला खरे काही तरी मिळाल्यासारखे वाटत होते. बाईंनी मला विचारले, जेवून जाता का. मी नको म्हटले. निघताना त्यांनी माझी पिशवी उचलून माझ्या हाती दिली. क्षणभर आपल्या हातात तोलली, आणि दिली.

त्यांना जाणवले असेल का? हे मला माहीत नाही. मी त्या क्षणाला अर्थ चिकटवणार नाही.

अमरावतीला परतून मी अहवाल लिहिला. सुवाच्य अक्षरात, विरामचिन्हे जागच्या जागी. खंड क्रमांक तेवीस उपलब्ध नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो नजरचुकीने रद्दीत गेला असावा, असे दिसते. खाली सही. संच अपुरा ठरला. पाटी लागली नाही. एकोणचाळीस खंड निरनिराळ्या फळ्यांवर गेले आणि वेलीचे तुकडे झाले. मला वाटले, संपले.

पुढच्या वर्षी प्रमोदचा फोन आला. आभार मानायला. सरांच्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले होते. पाटी का लागली नाही — “काहून नाही लागली?” — असे कुणी तरी विचारले, तेव्हा त्याने माझा अहवाल सर्वांसमोर वाचून दाखवला होता. “बाबा शेवटलोक म्हनत राह्यले, मॅडम, पन ते घरातलं भांडन होतं. आता कागदावर आलं. मोठे काका म्हने, चला, एवढं तं सिद्ध झालं.” मी विचारले, आणि आई? “आई उठून आत गेली. पाहुणे गेल्यावर म्हने, असंन बावा, माह्याच हातानं गेलं असंन. आता मानते ती.”

आता मानते ती.

फोन ठेवून मी खिडकीपाशी गेले. बाहेर कुणी तरी मिरच्या कुटत होते, त्याची झणक घशात उतरत होती. अडतीस वर्षे त्या बाईने आपल्या हातांची साक्ष सोडली नव्हती. नवऱ्यासमोर नाही, चाबीसमोर नाही, मुलाच्या थट्टेसमोर नाही. सगळे विरोधात असताना तिच्यापाशी तेवढी एक गोष्ट होती — मी बांधला तो गठ्ठा मला ठाऊक आहे. सरांना जे जमले नाही ते माझ्या दोन-चार वाक्यांनी केले. मी तिच्याकडून पुस्तक चोरले नव्हते. ते सरांचे होते. तिच्याकडून मी हे चोरले.

हा आहे माझा गुन्हा. बावीस वर्षांच्या मुलीचा नाही. साठीतल्या, पांढऱ्या केसांच्या, शब्दांचे वजन शिकवणाऱ्या बाईचा.

त्यानंतर तीन आठवडे मी काहीच केले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. मग एका बुधवारी, प्रमोद नांदगाव पेठेला असणार हे पाहून — त्याच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य तेव्हाही नव्हते — मी अकोल्याला गेले. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. सुशीलाबाई पुढच्या पडवीत सुपात तूर निवडत होत्या.

“या मॅडम, या! प्रमोद तं नाही, शनवारी येते,” त्या म्हणाल्या आणि उठू लागल्या. “बसा, च्या ठेवतो.”

मी म्हटले, चहा नको, तुमच्याशीच बोलायचे आहे. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. पिशवीतून तेविसावा खंड काढला, एकतिसावे पान उघडले आणि त्यांच्या पुढ्यात, सुपाच्या कडेला ठेवले. बाईंनी पदराला हात पुसून पुस्तक उचलले. सहीवर बोट ठेवले. अक्षरांवरून ते हळूहळू नेले, मग पुस्तक मिटून त्याची पाठ तळव्यात धरली. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी उजळले, अगदी थोडे — माझ्याकडे पाहीपर्यंत.

मी सांगितले. कविता वाचायला आलेल्या मुलींपैकी एक मी, हे सांगितले. शबनम सांगितली. त्या दिवशी पुस्तक इथेच, माझ्या पायाशी होते, हे सांगितले. त्यांनी तळवे पुढे केले तेव्हा मला उत्तर माहीत होते, हेही सांगितले. अहवाल खोटा असल्याचे पत्र वाचनालयाला पाठवले आहे आणि प्रमोदलाही मीच लिहीन, असे म्हटले. सुपातून तुरीचा एक दाणा घरंगळून फरशीवर टक्कन वाजला. मला वाटत होते, त्या रडतील, किंवा शिवी देतील, किंवा जा म्हणतील. मी तिन्हींची तयारी करून गेले होते.

सुशीलाबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवले, दोन्ही हात त्यावर ठेवले, आणि माझ्या डोळ्यांत पाहून एकच शब्द विचारला :

“काहून?”